खोक्यात कोण नाही?

एखादं खेळणं चांगलं आहे असं म्हणताना आपण 'चांगलं' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. तुकडे नीट बसतात का, चाकं फिरतात का, पोराच्या हातात टिकेल का, हा एक अर्थ. ते पोराच्या हातात द्यावं का, हा दुसरा. भोवऱ्याच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न उरत नाही. पण सुट्या तुकड्यांतून बांधायची लष्करी जीप आणि तिच्यात बसवायचा बंदूकधारी सैनिक असं खोकं समोर आलं, की दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात.

रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज' या 1957 सालच्या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारातली बहुतेक खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाची छोटी आवृत्ती, आणि त्या जगात सैन्यही आलंच. अशा खेळण्यांपुढे मूल नुसतं मालक किंवा वापरणारं होतं, निर्मातं होत नाही. ठोकळ्यांचा खेळ मात्र त्याला वेगळा वाटतो, कारण तिथे मूल स्वतः काही घडवतं. आता या जीपचं काय करायचं? ती ठोकळ्यांचीही आहे आणि सैन्याचीही.

माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला अशी जीप मिळाली. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्याला सगळ्याच गोष्टींना गुण द्यायची सवय आहे, त्यामुळे बांधून होताच प्रश्न आला, "मामा, दहापैकी किती?" पुस्तिकेतल्या चित्रांबरहुकूम तुकडे लावताना तो निर्माता वगैरे नव्हता, दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करणारा गवंडी होता. तिसऱ्या दिवशी त्याने जीप मोडली आणि त्याच तुकड्यांचा पाण्याचा टँकर केला. तोफेची नळी पाइप झाली. बार्थला अपेक्षित असलेली निर्मिती ती हीच, आणि ती जोडताना नाही, मोडल्यानंतर सुरू झाली. म्हणून अशा खेळण्याचं मोल पहिल्या दिवशी ठरवू नये असं माझं मत झालं आहे.

सैनिक मात्र मोडता येत नाही. त्याचा गणवेश रंगवलेला आहे, हाताचा पंजा बंदूक धरण्यासाठीच वळवलेला आहे. टँकरवर बसला तरी तो सैनिकच राहतो.

या बाहुल्याचा इतिहास मजेशीर आहे. 1964 साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने बारा इंचांचा 'जी.आय. जो' बाजारात आणला. मुलगे 'डॉल' विकत घेणार नाहीत, म्हणून त्याला 'ॲक्शन फिगर' हा नवा शब्द दिला गेला. पुढे आयातशुल्काच्या वादात प्रश्न कोर्टात गेला, आणि 1989 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याच्या दृष्टीने जी.आय. जो ही बाहुलीच. वाद पैशांचा होता, तरी मला हा निकाल नैतिकदृष्ट्याही बरोबर वाटतो. बाहुलीला आपण जेवू घालतो, निजवतो, लागलं तर पट्टी बांधतो. 'ॲक्शन फिगर' फक्त कृती करते, तिला काही होत नाही. शब्द बदलला आणि सैनिकाला इजा होऊ शकते ही शक्यताच खेळातून वजा झाली.

पण इजेची आठवण बाहेरून येतेच. व्हिएतनामचं युद्ध लांबलं, अमेरिकेत त्याविरुद्ध संताप वाढला, आणि 1970 च्या सुमारास याच जी.आय. जोला गणवेश उतरवून साहसवीर व्हावं लागलं. 1982 साली तो पुन्हा सैनिक म्हणून आला, आता पावणेचार इंचांचा. समोर शत्रू होता 'कोब्रा', एक काल्पनिक दहशतवादी संघटना. कोब्राला देश नाही, त्यामुळे तिचा माणूस पडला तरी रडायला कोणी नाही.

लेगोने वेगळी वाट धरली. मुलांना आजच्या युद्धक्षेत्रांवरून ओळखू येतील अशी हुबेहूब शस्त्रं आणि लष्करी साहित्य टाळायचं, असं या डॅनिश कंपनीचं धोरण आहे. 2020 साली व्ही-22 ऑस्प्रे या विमानाचा संच, बचावकार्याच्या रंगात रंगवलेला असूनही, जर्मनीतल्या शांततावादी संघटनेच्या विरोधानंतर तिने मागे घेतला, कारण ते विमान प्रत्यक्षात लष्करच वापरतं. मात्र 1999 पासून हीच कंपनी 'स्टार वॉर्स'चे संच विकते, आणि त्यात एक अख्खा ग्रह उडवणारं यंत्रही आहे. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. पण इथे निकष अंतराचा आहे: ज्या युद्धात आज कोणाचा बाप मरत नाही, ते खेळायला चालेल.

अडचण एवढीच, की अंतर कोणाच्या घरापासून मोजायचं? कोपनहेगनमधल्या मुलाला ते विमान परीकथेइतकं लांबचं असेल. ज्या गावांवरून तशी यंत्रं उडाली, तिथल्या मुलाला नाही. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे आणि तोफा मांडतात, आणि त्याला युद्धाचं खेळणं म्हणायचं आपल्या मनातही येत नाही. साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे, आणि मावळे आपले आहेत. या दोन कारणांपैकी खरं कारण कोणतं, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

कारण भाच्याचा दुसरा प्रश्न होता, "यात शत्रू कुठाय?" खोक्यात शत्रू नव्हता. मी उत्तर जुळवत असताना घरातल्या एका वडीलधाऱ्याने क्षणभरही न थांबता एका समाजाचं नाव घेतलं. त्या समाजाची दोन मुलं भाच्याच्या वर्गात आहेत. त्याने मान डोलावली, आणि ते मान डोलावणं मला बंदुकीपेक्षा जास्त खटकलं. मी म्हटलं, "वर्गातल्या त्या दोघांना विचारून ये, ते शत्रू आहेत का." खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

अशी खेळणी घरात आणूच नयेत, हा मार्ग मला पटत नाही. पोरं काठीचीही बंदूक करतात. 'खेळच तर आहे' हेही पटत नाही. खेळ म्हणून शिकलेलं सगळ्यात खोल रुजतं. अशा खेळण्यात शत्रूची जागा रिकामी असते आणि ती कंपनी भरत नाही. ती आपण भरतो, जेवताना, बातम्या पाहताना, सहज बोलताना. म्हणून जोडणीला मी आठ गुण देईन, मोडून काही वेगळं करता येतं म्हणून आणखी एक. दहावा गुण खेळण्याच्या हातात नाही. ते आणणाऱ्या घराने तो मिळवायचा असतो.