यार्देनेचे पाणी आणि डॉक्टरची चिठ्ठी

वैद्यकीय विद्यार्थ्याने औषधाची चिठ्ठी निर्धोक लिहावी आणि ती आत्मविश्वासाने लिहावी, अशी आपली अपेक्षा असते. पण हे दोन गुण नेहमी एकत्र नांदतात काय? नसतील तर विद्यार्थ्याला कोणता आत्मविश्वास शिकवावा? हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे.

उज्जैनचे उदाहरण घेऊ. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जुलाब झाले असता त्यांना काय लिहून दिले जाते, याची पाहणी तेथील आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेज व स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था यांच्या संशोधकांनी केली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. अशा मुलाला जलसंजीवनी पाजावी आणि दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ सालीच सांगितले होते. मुलांचे बहुतेक जुलाब प्रतिजैविकांवाचून बरे होतात. शौचात रक्त पडणे किंवा पटकी यांसारख्या प्रसंगीच ती लागतात. तरीही तपासलेल्या ८४३ चिठ्ठ्यांपैकी या उपचाराशी तंतोतंत जुळणाऱ्या केवळ ६ निघाल्या, आणि ७१ टक्के चिठ्ठ्यांत प्रतिजैविके होती!

हे निव्वळ अज्ञान म्हणावे, तर निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत जलसंजीवनीही होती. म्हणजे ती ठाऊक होती. तेवढ्यावर थांबण्याचे धैर्य नव्हते, असे मला वाटते. "डॉक्टरांनी नुसते मीठसाखरेचे पाणी दिले" असे म्हणून आई दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही धास्ती पुष्कळदा लेखणीला पुढे ढकलते. वरून जो आत्मविश्वास दिसतो, तो आतून भय असतो. त्या भयाची किंमत मात्र मूल भरते, आणि जंतूंवर औषधे चालेनाशी झाली म्हणजे शेजारचे मूलही भरते.

२ राजे, पाचव्या अध्यायातील नामान सेनापती आपणांस ठाऊक आहे. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप अलीशाने पाठविला. इतका साधा उपाय ऐकून नामान संतापला व परत निघाला. अलीशाने मात्र त्याची समजूत राखण्यासाठी उपायात काही भर घातली नाही. खरा आत्मविश्वास तो हाच. रोग्याला जे हवेसे वाटते ते नव्हे, तर जे त्याच्या हिताचे आहे तेवढेच द्यावे, आणि त्याचा राग सोसावा.

परंतु धैर्याला हट्टाचे रूप येता कामा नये. इंग्लंडमधील १९ रुग्णालयसंस्थांच्या पाहणीत (२००९) पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांच्या औषधलेखनात ८.४ टक्के चुका आढळल्या, तर दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांच्या १०.३ टक्के. एका वर्षाच्या सवयीने हात सरावतो. तेवढ्याने तो निर्धोक होतोच असे नाही. समाधानाची गोष्ट ही की त्यांतील बहुतेक चुका रोग्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच इतरांनी, विशेषतः औषधनिर्मात्यांनी, पकडल्या. म्हणून विद्यार्थ्याला दोन्ही शिकविले पाहिजे : रोग्याच्या आग्रहापुढे न डगमगणे, आणि परिचारिकेने किंवा औषधनिर्मात्याने शंका काढली तर लेखणी थांबविणे. आपली चूक विद्यार्थ्यांदेखत कबूल करणारा गुरू हे जितके शिकवितो, तितके पुस्तक शिकवीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत औषधोपचाराच्या सहा पायऱ्या आहेत. चिठ्ठी लिहिली की काम संपले, असे तेथे मानलेले नाही. त्यापुढे रोग्याला समजावून सांगणे व परिणामावर लक्ष ठेवणे या दोन पायऱ्या उरतातच. मूल मलूल झाले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर ताबडतोब परत या, हे आईला नीट सांगितले म्हणजे कमी औषध देणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही.

आणि आपण? दवाखान्यात गेल्यावर सुई टोचा, सलाइन लावा, असा आग्रह धरणारे नामान आपल्या मंडळ्यांतही थोडे नाहीत. नामानाला देवाने बरे केले खरे, पण त्याला नदीपर्यंत नेले ते त्याच्या चाकरांनी. "बाबा" म्हणून, हळुवार शब्दांत त्यांनी त्याची समजूत घातली. घाबरलेल्या आईशेजारी बाकावर बसून तेवढे काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.