जवानाच्या पाठीवरचे ओझे कोणाच्या माथी?

सियाचिनवर १९८४च्या एप्रिलपासून, म्हणजे ऑपरेशन मेघदूतपासून, भारतीय सैन्य पाय रोवून उभे आहे. तिथे पारा कधीकधी उणे ५० अंशांखाली जातो. अशा थंडीत लिथियम-आयन सेलमधला द्राव घट्ट होतो, आतला रोध वाढतो आणि पूर्ण भरलेली बॅटरीही लवकर मान टाकते. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली, तर आत लिथियम धातूचा थर साचून शॉर्टसर्किटचा धोका निर्माण होतो. म्हणून वायरलेस संच आणि रात्रीच्या दुर्बिणीसाठी जादा बॅटऱ्या वाहाव्या लागतात, त्याही कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत जपून. हे ओझे हलके करणे एकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातले नाही. २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’सारख्या योजनांनी लष्कराच्या गरजा छोट्या उद्योगांपर्यंत आणि स्टार्टअपपर्यंत नेल्या, त्या त्यासाठीच. पण अशा बॅटरीवर पोट भरणारा माणूस हिंसेत भागीदार होतो का, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञ सोडवू शकत नाहीत.

बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत पहिला शस्त्रांचा आहे. ‘बॅटरी म्हणजे काही शस्त्र नव्हे’ असे म्हणून इथे सुटता येत नाही. ज्या वायरलेसवरून जखमीसाठी हेलिकॉप्टर मागवतात, त्याच वायरलेसवरून तोफखान्याला लक्ष्यही कळवतात. जैन विचाराने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी (जाणूनबुजून केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (व्यवसायात होणारी) आणि विरोधी (बचावात होणारी) असे चार प्रकार केले. त्यांतली संकल्पी हिंसा पूर्ण त्याज्य आहे. उरलेल्या तिन्ही जमेल तितक्या कमी करायच्या. ही मांडणी मला अधिक उपयोगी वाटते, कारण ती उद्योजकाला पापी ठरवत नाही आणि निर्दोषही सोडत नाही. ती त्याला हिशेब ठेवायला लावते.

त्या हिशेबात जमेची बाजू भक्कम आहे. जवान आपल्या सर्वांच्या वतीने तिथे उभा असतो. त्याला पाठवणे योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल; पण पाठवल्यावर त्याचे ओझे उतरवणे हे पाठवणाऱ्यांचे कर्तव्यच आहे. यावर आक्षेप असा, की सैनिक हलका झाला की युद्ध सोपे होते. त्यात तथ्य आहे: वाचलेल्या वजनाच्या जागी दारूगोळाही भरता येतो. पण तो निर्णय बॅटरी घेत नाही, सरकार आणि सेनापती घेतात. त्यांना आवर घालण्यासाठी जवानाची पाठ मोडत ठेवणे ही अहिंसा नव्हे.

खरा धोका आहे तो सहकार्यातच. सेल एकाचा, जोडणी दुसऱ्याची, चाचणी तिसऱ्याची आणि वापर लष्कराचा. अशा साखळीत प्रत्येक जण ‘माझा वाटा एवढाच’ म्हणून हात झटकू शकतो. काही सेलमध्ये कोबाल्ट लागते. जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघते आणि तिथल्या काही खाणींत लहान मुले राबतात. म्हणजे एका पाठीवरचे ओझे दुसऱ्या, त्याहून कोवळ्या पाठीवर जाऊ शकते. काम वाटले म्हणून जबाबदारी वाटली जात नाही. ती प्रत्येकावर पूर्णच राहते. तेव्हा करारात वजन आणि किमतीबरोबर कच्चा माल कुठून आला आणि निकामी सेल कुठे जाणार, हेही लिहून घ्यावे. एवढे पाळले, तर जवानासाठी बॅटरी बनवणे हा सन्मार्गाचाच व्यवसाय आहे.