दोन राष्ट्रे, एक निष्ठा

एका माणसाची निष्ठा दोन राष्ट्रांत विभागता येते का, या प्रश्नाला भारतीय कायद्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते आणि राज्यघटनेची कलमे ८४ व १७३ संसद व विधिमंडळ फक्त नागरिकांसाठी राखतात.

देशांतर्गत ओळख मात्र या कसोटीबाहेर आहे. गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली, नागरिकत्व तेच राहिले.

खरी कोंडी गोव्यात दिसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. पोटापाण्यासाठी तो धरणारा माणूस गोव्यावरची माया सोडत नाही, पण उमेदवारीचा हक्क गमावतो. हे कठोर आहे, तरी न्याय्यही आहे. माया कुणाला मोजता येत नाही आणि राज्यसंस्थेने ती मोजूही नये. कायदे करणाऱ्याने त्या कायद्यांना पूर्णपणे बांधील असावे, एवढेच तिने मागावे.

वंशाचा तर इथे संबंधच नाही. मालवण तालुक्यातील वराडशी नाते असलेले, डब्लिनमध्ये जन्मलेले लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. गोमंतकीय वंशाचे पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांना त्याच वर्षी भारताचे ‘ओसीआय’ कार्ड मिळाले. या कार्डाने भारतात राहता येते, मतदान करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही.