साकळणं आणि सुटणं

सावकाश बसा. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. ठोका लागेपर्यंत घाई नको.

विळीवर बोट कापलं, की तिथे प्लेटलेट धावून येतात. मागोमाग फायब्रिनचे धागे जाळं विणतात आणि रक्त थांबतं. कुणाला सांगावं लागत नाही. साकळणं हे शरीराचं राखणं आहे. एवढ्यावर थोडं रेंगाळा.

आता एप्रिल २०२१ मधली कोविडची लाट आठवा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरला विलासराव देशमुख संस्था. खाटा मिळता मिळत नव्हत्या. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी घराघरांत रक्ततपासणीतला डी-डायमर येऊन बसला. कुणाच्या रिपोर्टवर मर्यादा ५००, कुणाच्या ०.५, एकक वेगळं, धास्ती एकच.

काय होत होतं? विषाणूशी झुंजताना उसळलेल्या दाहाने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावत होतं. बाहेर जखम नसताना आत जाळी विणली जात होती, फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत, पोटरीच्या शिरांत. राखणारंच वाट अडवत होतं. त्याचा राग येतो का, पाहा. येऊ द्या, जाऊ द्या.

मग हेही ध्यानात घ्या: डी-डायमर म्हणजे सुटलेल्या जाळ्याचा तुकडा. वाढलेला आकडा धोका सांगत होता, आणि शरीर ती गाठ सोडवू पाहतंय हेही सांगत होता.

नर्स पोटाच्या कातडीची चिमूट धरून हेपॅरिनची बारीक सुई टोचायची. तिथे निळसर डाग उरायचा. ते औषध नव्या गुठळीला आवर घालतं. जुनी विरघळवायचं काम शरीराचंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसलं, की पूर्ण मात्रा मध्यम आजाऱ्यांना उपयोगी पडली, अत्यवस्थ रुग्णांना नाही. रक्तस्रावाची जोखीम मात्र होतीच. आवर घालण्यालाही वेळ असते.

आजारातून उठलेल्याला आपण मायेनं म्हणतो, ‘पडून राहा.’ पण पोटरी हलली, की रक्त वर चढतं. डॉक्टरांनी हो म्हटलं, की त्याला अंगणात चालू द्या. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर तडक दवाखाना गाठा.

आणि आज दिवसभर एक प्रश्न जवळ ठेवा: जपायच्या नावाखाली मी कुणाची वाट अडवून बसलोय?