कशावरून?

घाटकोपरच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गात मागे बसले होते. भिंतीवर मोठं चित्र लावलेलं: ओसरीवर सुपात तांदूळ निवडणारी आजी, पुढे अंगण, बाजूला उघडं दार. "चित्रात काय काय दिसतं?" बाईंनी विचारलं. मुलांनी एका सुरात सांगितलं: आजी, सूप, झाड, घागर. बाई चित्र उतरवायला निघाल्या, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "आजी कुणाचीतरी वाट बघतेय."

मला राहवलं नाही. "कशावरून गं?"

"हात सुपात आहेत, पण बघतेय दाराकडे."

शेजारचा मुलगा लगेच उठला. "वाट नाही बघत. दारात मांजर आलंय." उंबऱ्यापाशी, चित्राच्या अगदी कडेला, खरंच एक शेपटी होती. बाई ते चित्र तीन वर्षं वापरत होत्या. शेपटी त्यांनाही त्या दिवशीच दिसली.

चित्रवाचन हा शब्द आपल्या शाळांत रुळलेला आहे, पण प्रत्यक्षात तिथे चालते ती वस्तूंची हजेरी. चित्र अक्षराच्या तैनातीला उभं: अननस दिसला की 'अ' आला, आणि अननसाचं काम संपलं. ही रीत जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं, त्यातही चित्रातल्या वस्तूंना आकडे घालून शब्दांशी जोडलेलं होतं. शब्द शिकवायला ते उत्तमच. पण आजीची मान कुठे वळली आहे, हे त्या रीतीत कोणी विचारत नाही.

'कशावरून' हा एक प्रश्न आला की मूल पुन्हा चित्राकडे वळतं आणि आपल्या म्हणण्याला तिथे आधार शोधतं. दुसऱ्याचा आधार वेगळा निघाला तर त्याचं ऐकूनही घेतं. अमेरिकेत ॲबिगेल हाऊसेन आणि फिलिप येनवाईन यांनी बसवलेल्या चित्र पाहण्याच्या पद्धतीच्या गाभ्याशी हाच प्रश्न आहे. मराठीत तो एका शब्दात मावतो आणि घराघरात रोज विचारला जातो. वर्गात मात्र तो विचारला की मुलं घाबरतात, कारण तिथे त्याचा अर्थ 'तुझं चुकलं' असा होऊन बसला आहे. मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते.

मुंबईच्या उपनगरातलं मूल शाळेत येतं ते चित्रं वाचतच. अंधेरीच्या फलाटावर आईचं बोट धरून उभं असताना डब्यावरच्या बाईच्या चित्रावरून लेडीज डबा त्याला अचूक ओळखता येतो. डोक्यावर पदर घेतलेली ती बाई पश्चिम रेल्वेने काही वर्षांपूर्वी बदलायला घेतली. आधीची बाई तशी का होती, आताची अशी का, यावर सहा वर्षांची मुलं भरभरून बोलतील. विचारायला हवं.

"आधी अक्षरं येऊ देत," असं पालक म्हणतात, आणि ती काळजी खरी आहे. पण अक्षरही आधी डोळ्यांनीच धरावं लागतं. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या फटीपाशी सुरू होतो. मांजराची शेपटी शोधणारी नजर ती फट सोडणार नाही, असं मला वाटतं. पन्नास मुलांच्या वर्गात वेळ मिळत नाही, हेही खरं. म्हणून तर आठवड्याला एकच चित्र घ्यावं आणि त्याला पुरी वीस मिनिटं द्यावीत.

आणि चित्रं आणायला लांब जायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत वारल्यांचे पाडे आहेत. शाळेत वारली चित्र येतं ते बहुधा वहीच्या किनारीला: दोन त्रिकोण जोडा, डोकं काढा, झाला माणूस. लग्नघराच्या भिंतीवरचा, मधल्या चौकटीत पालघट देवी असलेला लग्नचौक मात्र वारली बायका 'काढत' नाहीत, त्या तो 'लिहितात'. त्यांचा शब्दच तो आहे. जे लिहिलं आहे ते वाचताही येतं. पाड्यावरच्या एखाद्या आजीला वर्गात बोलवावं, तिला भिंतीचा एक तुकडा आणि तांदळाचं पीठ द्यावं, आणि मुलांना तिच्या जवळ बसू द्यावं. "हे काय?" विचारून झालं, की ती मुलं "कशावरून?" विचारतील, आणि उत्तर आजी देईल.