गुप्तहेर, खलनायक आणि दारातला माणूस

गुप्तहेराच्या चित्रपटाचा एक विशेष असा, की त्याचा शेवट प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतो. नायक मरणार नाही, स्फोटाला दोन क्षण उरले असताना बॉम्ब निकामी होईल, आणि पहिल्या अर्ध्या तासात जो गृहस्थ फार गोड बोलतो तोच फितूर निघेल, हे आठवीतला मुलगाही सांगू शकतो. तरी चित्रपटगृहे भरतात. नांदेड-लातूरला शिकवणीवर्गांसाठी खोली घेऊन राहणारी आमची मुले दिवसभर भौतिकशास्त्राशी झुंजतात आणि रात्री मोबाइलवर तीच ती कथा पाहतात. पालक तक्रार करतात ती मारामारीची आणि तोकड्या कपड्यांची. आम्हांला ती तक्रार अपुरी वाटते. मारामारी मुले विसरतात. कथेचा साचा मात्र मनात घर करून राहतो, आणि माणसांकडे पाहण्याची सवय त्या साच्यातून लागते. म्हणून त्या साच्याकडेच थोडे निरखून पाहावे, असे मनात आले.

साचा जुना आहे. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली आपल्या देशातील परीकथांचा अभ्यास करून दाखवून दिले, की वरवर शेकडो दिसणाऱ्या या कथा एकतीस घटनांच्या आणि सात पात्रांच्या जोरावर चालतात. खलनायक, वस्तू देणारा, मदतनीस, राजकन्या, नायकाला पाठवणारा, नायक आणि खोटा नायक अशी ती सात पात्रे. पुढे १९६५ साली इटलीच्या उम्बेर्तो एको यांनी इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबऱ्यांची अशीच चिरफाड केली व त्यांत बुद्धिबळासारख्या नऊ खेळी सापडल्याचे सांगितले. वरिष्ठ कामगिरी सोपवतो, खलनायक समोर येतो, पहिला शह दिला जातो, स्त्री येते, नायक पकडला जातो, त्याचा छळ होतो, तो सुटतो आणि खलनायकाचा नाश करतो. क्रम इकडेतिकडे होईल, पण खेळी चुकणार नाही. लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टीत राजपुत्राला वाटेत साधू भेटून अंगारा देतो. बाँडला निघण्यापूर्वी कार्यालयातला तंत्रज्ञ गोळ्या झाडणारी मोटार देतो. फरक एवढाच, की साधू त्या बदल्यात राजपुत्राकडून थोडी नम्रता मागत असे.

आपल्याकडे हा साचा फार झपाट्याने रुजला. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांनी मराठी वाचकाची भूमी आधीच नांगरून ठेवली होती. ‘डॉक्टर नो’ हा पहिला बाँडपट १९६२ साली आला. चार वर्षांत तेलुगूत ‘गूढचारी ११६’ निघाला आणि १९६७ साली त्याचाच हिंदी अवतार ‘फर्ज’ जितेंद्रला घेऊन आला. नांदेड जिल्ह्याच्या तेलुगू सीमेवरील वाचकांना ही वाट तेलुगूतून आली याचे कौतुक वाटेल. मग १९६८ चा ‘आँखें’, १९७९ चा ‘सुरक्षा’, आणि आताचे ‘एक था टायगर’ (२०१२), ‘वॉर’ (२०१९), ‘पठाण’ (२०२३). खर्च शतपटीने वाढला, नायक विमानाला लोंबकळू लागला. पण सात पात्रे होती तेथेच आहेत.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठी मनातला मूळ गुप्तहेर बहिर्जी नाईक. १६७९ साली जालना लुटून परतताना मोगली फौजेने शिवाजी महाराजांना गाठले, तेव्हा बहिर्जीने आडवाटेने त्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले, असे इतिहास सांगतो. म्हणजे आमच्याच मराठवाड्यातल्या या प्रसंगात हेराचे मोठेपण रस्ता ठाऊक असण्यात आहे. त्याने किती माणसे मारली, हे कोणी विचारीत नाही. ‘जासूद’ हा शब्दही बातमी आणणाऱ्याचा आहे. ज्याला पाहिजे त्याला ठार करण्याचा परवाना खिशात घेऊन फिरणारा हेर ही आयात केलेली वस्तू होय.

आता नीतीचा प्रश्न. हेराचा धंदाच असत्याचा. त्याचे नाव खोटे, मैत्री खोटी, पुष्कळदा प्रेमही खोटे. देशासाठी किंवा निरपराधांचे प्राण वाचविण्यासाठी हे चालते काय? आमच्या तरुणांना हा प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनपुढे अगदी चित्रपटाच्या कथानकासारखाच आला होता. स्पेनमध्ये प्रिसिलियनचा पाखंडी पंथ गुप्तपणे वावरत होता आणि त्याचे अनुयायी आपली श्रद्धा लपविण्यासाठी बेलाशक खोटे बोलतात, असा त्यांच्यावर आरोप होता. कन्सेन्शियस नावाच्या गृहस्थाने ऑगस्टीनला लिहून विचारले, की आपल्या माणसांनी त्याच पंथाचे असल्याचे सोंग घेऊन त्यांच्यात शिरावे व त्यांना उघडे पाडावे, यात गैर काय? इ.स. ४२० च्या सुमारास ऑगस्टीनने ‘असत्याविरुद्ध’ हा ग्रंथ लिहून उत्तर दिले: नाही, असे करता येणार नाही. असत्याने असत्य पकडायला निघालेला मनुष्य अखेर असत्याचेच राज्य वाढवितो.

मग जुन्या करारातील राहाबेचे काय? यहोशवाने यरीहोला पाठविलेले दोन हेर तिने छपरावर तागाच्या काड्यांखाली लपविले आणि राजाच्या माणसांना, ते केव्हाच निघून गेले, असे सांगितले. नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले पत्र आणि याकोबाचे पत्र दोन्ही तिचा गौरव करतात. ऑगस्टीन म्हणतो, देवाने तिच्या दयेचे फळ तिला दिले, असत्याचे नव्हे. संत थॉमस अक्वायनसने पुढे युद्धातील डावपेचांचा विचार करताना एक रेषा आखली: शत्रूपासून आपला बेत लपविणे योग्य आहे, पण त्याला खोटे सांगणे किंवा दिलेला शब्द मोडणे योग्य नाही. आम्ही सेमिनरीत असताना १९९२ साली ख्रिस्तसभेचा नवा धर्मशिक्षाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील असत्याच्या व्याख्येत, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे अशा माणसाला फसविणे, असा खुलासा होता. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ‘अधिकार आहे’ हे शब्द गाळले गेले. चार-सहा शब्दांचा फरक, परंतु हेराच्या दृष्टीने सगळा प्रश्नच त्यात सामावला आहे. पहिल्या व्याख्येप्रमाणे त्याला पळवाट मिळते. दुसरीने ती बंद होते. मात्र ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याला ते सांगण्याचे बंधन कोणावर नाही, हे कलम दोन्ही आवृत्त्यांत कायम राहिले.

ऑगस्टीनचे उत्तर कठोर आहे, यात शंका नाही. तरी आमचे मत विचाराल तर त्याला जे दिसले ते चित्रपटाला सहसा दिसत नाही. असत्य ज्याच्या तोंडावर फेकायचे तो दुष्ट खलनायक फार दूर, कडेकोट बंदोबस्तात बसलेला असतो. त्याच्यापर्यंत जाण्याच्या वाटेत जे फसविले जातात ते बहुधा भले लोक असतात. मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (२०१८) याच कारणाने आम्हांला महत्त्वाचा वाटतो. हरिंदर सिक्का यांच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटात १९७१ च्या युद्धापूर्वी सेहमत नावाची काश्मिरी तरुणी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून होऊन जाते. सासर प्रेमळ, नवरा सज्जन. घरातला जुना नोकर आणि दीर यांचे जीव तिच्या हातून जातात, आणि अखेर आपल्याच बाजूच्या माणसांच्या कारवाईत नवराही मरतो. कामगिरी फत्ते होते आणि ती मोडून पडते. प्रॉपची सात पात्रे मोजायला बसलो तर येथे खलनायकाची खुर्ची रिकामी सापडते. आणि ती रिकामी ठेवल्याबरोबर साऱ्या कथेला घाम फुटतो.

कारण त्या साच्यातले मोठे असत्य नायकाच्या तोंडी नसतेच. सर्व दुष्टपणा एका चेहऱ्यात गोळा होतो आणि तो चेहरा नष्ट झाला की प्रश्न मिटतो, हे ते असत्य. आम्ही मराठवाड्यातले लोक याची किंमत जाणतो, किंवा जाणायला हवी. १९४८ चे हैदराबाद संस्थान आठवा. चित्रपटाला लागेल ते सगळे तेथे होते. लातुरात वकिली केलेला कासिम रझवी आग ओकणारी भाषणे करीत रझाकारांचा सेनापती होऊन बसला होता. सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रे आणीत होता. भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत होते. सरहद्दीवर स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांचे कॅम्प होते, नांदेड जिल्ह्यात उमरीच्या बँकेवर छापा पडला होता. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार तर खरेच होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी त्याविरुद्ध लिहिले आणि ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. पाच दिवसांत विजय. पडदा येथे पडावा.

तो पडला नाही. त्यानंतरच्या दिवसांत सूडाचा वणवा पेटला आणि रझाकार कोण, साधा विणकर किंवा शेतमजूर कोण, हे पाहायला कोणी थांबले नाही. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने वर्षअखेरीस दौरा करून नोंदविले, की उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा होता. तो अहवाल अनेक दशके सामान्य वाचकाच्या हाती लागला नाही. आणि खलनायक? रझवीवर खटला झाला, तो तुरुंगात गेला, १९५७ साली सुटून पाकिस्तानात निघून गेला व १९७० साली तेथे वारला. स्फोट नाही, कड्यावरून पडणे नाही. ज्याच्या नावाने सूड उगवला गेला तो जिवंत राहिला आणि ज्यांनी त्याचे भाषणही ऐकले नव्हते त्यांची घरे जळाली.

त्याच दिवसांत, दोन्ही काळांत, काही माणसांनी शेजाऱ्याला आपल्या घरात दडविले. आधी रझाकारांपासून, नंतर सूड घेणाऱ्यांपासून. मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचा उल्लेख समितीनेही केला आहे. दार वाजले असेल तेव्हा त्यांनी काय उत्तर दिले असेल? बहुतेकांनी राहाबेचेच उत्तर दिले असणार, आणि त्यांच्या पापनिवेदनाला बसण्याची पाळी आमच्यावर आली असती तर आम्ही त्या एका वाक्यावर फार वेळ घालवला नसता.

तरीही ऑगस्टीन आणखी एका दाराची गोष्ट सांगतो. त्याच्या जन्मगावी थागास्त येथे फर्मस नावाचा बिशप होता. आसऱ्याला आलेल्या एका मनुष्याला त्याने लपविले. बादशहाचे शिपाई आले तेव्हा तो म्हणाला, मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. त्याचे हाल केले गेले. तो बधला नाही. शेवटी बादशहापुढे उभे केल्यावर त्याच्या धैर्याने थक्क होऊन बादशहाने त्या लपलेल्या माणसालाच माफी दिली. प्रॉपच्या यादीत या पात्राला जागा नाही. तो कोणाला जिंकत नाही, कोठे जात नाही; आपल्या दारात उभा राहतो. चित्रपटात असा माणूस असलाच तर दोन मिनिटांचा असतो. पळणाऱ्या नायकाला पाणी देतो आणि पुढल्या दृश्यात गोळी खाऊन पडतो; नायक मागे वळून पाहत नाही.

यहोशवाच्या हेरांचे तसे झाले नाही, हे मुलांना दाखवून द्यावे. यरीहोतील बाकीच्या लोकांचे काय झाले, ते वाचताना आमचे मन आजही थरकते आणि त्यावर सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. पण खिडकीला किरमिजी दोर बांधलेले घर त्या दोघांनी लक्षात ठेवले होते. तट कोसळल्यावर यहोशवाने दुसऱ्या कोणाला न पाठविता त्यांनाच परत पाठविले. ते राहाबेच्या दारी गेले आणि तिला, तिच्या आईबापांना, भावांना व तिच्या साऱ्या माणसांना त्यांनी बाहेर आणले.