क्रूसाचे गोंदण

मंडळीतील एखादा तरुण मनगटावर क्रूस गोंदवून आला की आपण लागलीच लेवीय १९:२८ पुढे करतो. तेथे मनाई आहे खरी. पण ती मृतांसाठी अंगावर वार करून घेण्याच्या चालीबरोबर सांगितली आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक तर पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर क्रूस गोंदवून घेत आले आहेत.

आम्हांस खरा प्रश्न निराळा वाटतो. आपले शरीर आपल्या एकट्याचे आहे काय? गोंदण म्हणजे जखमच. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची बाधा होऊ शकते. ती पुढे घरच्यांनाही होण्याचा संभव असतो. म्हणून सीलबंद नवी सुई डोळ्यांदेखत उघडावयास लावावी. पुढे दोन-तीन आठवडे ती जागा स्वच्छ हातांनी, साध्या साबणाने हळूच धुवावी. खपली काढू नये, पोहू नये, ऊन लागू देऊ नये. शिवाय आपल्या देशात गोंदवल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. तेवढ्यात शेजाऱ्याला रक्त लागले तर? हा विचार आधी व्हावा.

आणि गोंदवून झालेच असेल, तर शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी बोल लावण्याआधी जखम नीट भरते आहे ना, एवढे विचारावे.